प्रभातच्या आवारातली सरकारी शाळा

(दृश्य: पुणे, लॉ कॉलेज रस्ता. आवारातला आंबा.)

निवेदन:
फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातला हा आंबा. इथली मुलं त्याला ‘विजडम ट्री’ म्हणतात. वर्गात सुरू झालेलं भांडण संपतं ते याच्या सावलीत. किंवा संपतच नाही.

पलीकडे प्रभातचा जुना स्टुडिओ. १९३३ साली प्रभात ही सिनेमा कंपनी कोल्हापूरहून इथे आली. त्या काळी सिनेमा शिकायचा म्हणजे उमेदवारी करायची. प्रभात काढणारे दामले, फत्तेलाल, शांताराम, सगळे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली असेच तयार झाले. पडदे रंगवा, सामान उचला, वेळ पडली तर तोंडाला रंग फासून कॅमेऱ्यासमोर उभे राहा. फी नाही, प्रमाणपत्रही नाही.

पुढे कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर ही उमेदवारीही मोडली.

(दृश्य: जुना अहवाल, पानं उलटताना.)

१९४९ मध्ये सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. १९५१ च्या अहवालात समितीने इतर गोष्टींबरोबर सिनेमा शिकवणारी संस्था मागितली आणि सिनेमाला कर्ज देणारं महामंडळही. दोन्ही यायला १९६० उजाडलं. नऊ वर्षं! सरकारी फायलीच्या मानाने लवकरच म्हणायचं. बंद पडलेल्या प्रभातची जागा सरकारने घेतली आणि तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

संस्था आणि महामंडळ जोडीने आले, हे बरं झालं. साठच्या दशकात बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक इथे उपप्राचार्य होते. फार काळ टिकले नाहीत. पण पुढे दिग्दर्शक झालेले मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) हे त्यांचे विद्यार्थी. चाकोरीबाहेरचा सिनेमा करणाऱ्या असल्या पोरांवर पैसा लावायला बाजारातला कोणता फायनान्सर तयार होणार? मणी कौल यांचा पहिला चित्रपट उभा राहिला तो फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे त्याच महामंडळाच्या पैशावर. शिकवलं सरकारने, आणि तिकीटबारीकडे पाठ फिरवायला पैसेही सरकारनेच दिले.

(दृश्य: भिंतीवरच्या रंगवलेल्या घोषणा.)

हे नातं पुढे इतकं सरळ राहिलं नाही. २०१५ मध्ये सरकारने केलेल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या नेमणुकीवरून विद्यार्थी संपावर गेले. संप १३९ दिवस चालला. मध्यरात्री पोलीस आवारात आले, मुलांवर गुन्हे दाखल झाले. त्या मुलांत पायल कपाडिया होत्या.

मे २०२४. कान महोत्सवात त्यांच्या चित्रपटाला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. दिल्लीहून अभिनंदन आलं. पुण्याच्या कोर्टात २०१५ चा तो खटला अजून चालूच होता.