मॅनिंगला का बसवला?

नमस्कार मंडळी. संक्रांतीचा कार्यक्रम बरोब्बर एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या) प्लेऑफच्या, म्हणजे बादफेरीच्या, शनिवारी ठेवल्याबद्दल कार्यकारिणीला आधी साष्टांग दंडवत. मागच्या रांगेत टेबलाखाली फोन धरून स्कोअर बघताय ते दिसतंय मला, बघा खुशाल, फक्त ओरडू नका.

तर विषय असा की प्लेऑफमधली जागा पक्की झाली असेल तर रेग्युलर सीझनच्या शेवटच्या मॅचला स्टार्टर, म्हणजे मुख्य खेळाडू, बाहेर बसवावेत का. माझं म्हणणं, मॅचला किंमत नसेल तर बसवा. पण किंमत नाही हे ठरवायचं कोणी? तिथे माझं आणि माझ्याच टीमचं, इंडियानापोलिस कोल्ट्सचं, जुनं भांडण आहे, ते आधी सांगतो, मग बाकीचं.

27 डिसेंबर 2009. कोल्ट्स 14-0, म्हणजे 14 विजय, पराभव शून्य. आदल्या सीझनपासून धरलं तर रेग्युलर सीझनच्या सलग 23 मॅच जिंकलेल्या, पहिलं सीड (प्लेऑफमधला अव्वल क्रमांक) खिशात, समोर न्यूयॉर्क जेट्स. आता 1972 ला मियामी डॉल्फिन्स सगळ्या 17 मॅच जिंकून चॅम्पियन झाले, ते नंतर कोणाला जमलेलं नाही. पेट्रियट्स 18-0 पर्यंत पोचले आणि सुपरबोलमध्येच, म्हणजे फायनललाच, जायंट्सकडून हरले (हो, न्यू जर्सीतले जायंट्सवाले हसणारच). म्हणजे काय हातात आलं होतं बघा! सेकंड हाफचा पहिलाच किकऑफ (लाथ मारून समोरच्यांना दिलेला बॉल) जेट्सच्या ब्रॅड स्मिथने 106 यार्ड पळवला तरी कोल्ट्स 15-10 ने पुढेच, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोच जिम कॉल्डवेलनी क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्या, पेटन मॅनिंगला बाहेर काढला. पंगतीत बासुंदी वाढायला घेतलीय आणि तुम्हाला म्हणतात उठा आता, तसं. कर्टिस पेंटर नावाचा रुकी (पहिल्याच वर्षीचा खेळाडू) आत आला, थोड्याच वेळात त्याच्या हातून बॉल सुटला, जेट्सच्या मार्केस डग्लसने एंडझोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, तो धरला, टचडाउन, सहा गुण. 29-15 हरलो. मॅनिंग हेल्मेट घालून साइडलाइनला उभा, आणि घरचंच पब्लिक हुर्यो करतंय. आमच्याकडे बायको स्वयंपाकघरातून विचारतेय, अहो कोणाला शिव्या देताय.

बरं, तत्त्व म्हणून बसवला म्हणावं तर पुढच्या आठवड्यात बफेलोच्या बर्फात तोच मॅनिंग खेळला! कशासाठी? रेजी वेन आणि डॅलस क्लार्क यांचे शंभर-शंभर कॅच व्हावेत म्हणून. ते झाले, मग हे लोक बाहेर, आणि मॅच 30-7 ने गेली. शंभर कॅचसाठी बर्फ चालतो, 16-0 साठी (तेव्हा रेग्युलर सीझन 16 मॅचचा) घरचं छप्पर बंद स्टेडियम चालत नाही. आणि त्या विजयाच्या जोरावर जेट्स 9-7 करून प्लेऑफमध्ये शिरले आणि थेट एएफसी फायनलला (सुपरबोलच्या आधीच्या मॅचला) आमच्याच समोर आले. त्यांना हरवलं म्हणा, मग सुपरबोल सेंट्सकडून 31-17 हरलो. त्यामुळे आराम फळला म्हणणारे आणि नडला म्हणणारे दोघंही हेच उदाहरण देतात.

जाता जाता, वर्कलोड मॅनेजमेंटला नाकं मुरडणाऱ्या क्रिकेटवाल्यांसाठी: 2025 ला इंग्लंडमध्ये बुमराह पाचपैकी तीन टेस्ट खेळला, आणि भारत जिंकला त्या दोन्ही टेस्टमध्ये तो नव्हता. यावरून काय सिद्ध होतं? काहीही नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर.

दुखापतीची भीती खरी आहे. त्याच सीझनच्या शेवटच्या मॅचला, डिव्हिजन (आपला गट) आधीच जिंकलेली असताना, पेट्रियट्सच्या वेस वेल्करचा गुडघा गेला, कोणी टॅकलही केलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात रेव्हन्सनी त्यांना 33-14 धुतलं. उलट 2007 ला जायंट्सची जागा ठरलेली असताना टॉम कॉफलिननी सगळ्यांना खेळवलं, 38-35 हरले, काही जण जखमी झाले, आणि महिनाभराने त्याच पेट्रियट्सना सुपरबोलमध्ये पाडलं.

न खेळल्याने गंज चढतो म्हणतात, त्याचं काय? रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन 2019 च्या सीझनला शेवटची मॅच बसला, मग बाय (प्लेऑफच्या पहिल्या फेरीची सुट्टी), असे दोन मॅचमध्ये 20 दिवस गेले, आणि टायटन्सकडून 28-12 हरला. 2023 ला पुन्हा तसेच 20 दिवस, आणि टेक्सन्सना 34-10 ने उडवलं. तोच माणूस, तेवढीच सुट्टी.

शिवाय रोस्टर (टीमची यादी) 53 चा, मॅचच्या दिवशी जास्तीत जास्त 48 जण, बसवणार किती? आराम मिळतो स्टार लोकांना, लाईनमन, म्हणजे पुढच्या रांगेत धक्के झेलणारे, बिचारे मार खातच राहतात.

शेवटचं. 2024 ला ईगल्सनी बॉल घेऊन पळणाऱ्या सेक्वॉन बार्कलीला शेवटच्या मॅचला बसवलं, पळून 2,005 यार्ड झालेले, एरिक डिकरसनचा 1984 चा एका सीझनचा विक्रम मोडायला फक्त 101 हवे होते, समोर जायंट्स. नंतर सुपरबोल 40-22 ने जिंकले. मला तो निर्णय पटतो, कारण तो एकट्याचा विक्रम होता. 14-0 अख्ख्या टीमचं होतं, त्या लाईनमनचंसुद्धा, आणि त्यांना कोणी विचारलंच नाही. हो हो, माइक देतो.