मागची पानं हलत होती

सुरुवात मी एका बाळाच्या जेवणापासून करते. २८ डिसेंबर १८९५, पॅरिसमधल्या ग्रँड कॅफेचं तळघर. ल्युमिएर बंधूंनी तिथे तिकीट लावून लोकांना हलती चित्रं दाखवली, दहा छोट्या फिल्म्स, एकेक जेमतेम मिनिटभराची. त्यातल्या एकीत आई-बाबा आपल्या बाळाला भरवतायत, बास, एवढंच. पण त्या काळच्या प्रेक्षकांना कशाचं अप्रूप वाटलं माहितीये? मागच्या झाडाची पानं हलत होती त्याचं! कारण तोपर्यंत लोकांनी झाड पाहिलेलं ते नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यावर, तिथे माणसं हलायची, बोलायची, रडायची, पण मागचं झाड मात्र गप्प उभं, आणि इथे कुणी न सांगता, कुणी न शिकवता ती पानं आपली आपण हलत होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तशीच बसून राहिले कितीतरी वेळ. म्हणजे बघा ना, वारा काय त्यांनी आधी पाहिला नव्हता? त्या तळघरात यायच्या आधी रस्त्यावर अशाच झाडांखालून चालत आले असतील ते. पण दिसलं मात्र पडद्यावर. पुढे ग्रिफिथ, ज्यांनी सिनेमाची भाषा घडवली त्यातला एक मोठा माणूस, त्यानेही म्हातारपणी एका मुलाखतीत हीच खंत सांगितली, की आताच्या सिनेमातून झाडांमधल्या वाऱ्याचं सौंदर्य गेलंय.

आता टीव्हीकडे येते, कारण माझं बघणं तिथे सुरू झालं आणि तेही आजीमुळे. आजीची नजर शेवटची काही वर्षं जवळजवळ गेलेली, पण संध्याकाळची मालिका तिला हवीच असायची. ती ऐकायची आणि मी शेजारी बसून सांगायची. संवाद तर तिला ऐकू यायचेच, तेव्हा ते सांगून उपयोग नव्हता, मग मी सांगायचे की आता ती उठली, दाराशी गेली, रडतेय. तर आजी म्हणायची, "ते कळलं गं मला आवाजावरून, मागं काय दिसतंय ते सांग." मागं? मी कधी मागं बघितलंच नव्हतं! मग बघायला लागले. मागं खिडकी आहे, पडदा पिवळा आहे, टेबलावर फुलदाणी आहे पण फुलं खोटी वाटतायत, भिंतीवर सावली पडलीये पण ती दिव्याच्या उलट बाजूला नाही पडलेली. आजीला हे सगळं लागायचं. फुलं खोटी आहेत म्हटलं की तिला वाईट वाटायचं, खरंच वाईट वाटायचं, "एवढ्या मोठ्या घरात खरी फुलं नाहीत?" म्हणायची.

बऱ्याच मालिकांमध्ये आजही कोपरान् कोपरा सारखाच उजळलेला असतो, सकाळ काय नि रात्र काय प्रकाश तोच, आणि कॅमेरा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर धावत असतो. मला हे मनापासून खटकतं. कमी वेळात जास्त भाग काढायचे तर लाइट बदलत बसायला वेळ नसतो, हे मला समजतं. पण बघणाऱ्याची नजर रोज अर्धा तास अशा उजेडात राहिली की तिला स्वतःच्या घरातली संध्याकाळ दिसेनाशी होते असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट गोष्ट सुब्रत मित्र यांची. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'चे, १९५६च्या सिनेमाचे ते कॅमेरामन. बनारसच्या जुन्या घराचा सेट स्टुडिओत लावायचा ठरलं आणि सुब्रत मित्र यांना ते पटेना, कारण अशा घरात अंगणात उजेड वरून, आभाळातून झिरपत येतो, त्याला कडक सावल्या नसतात आणि स्टुडिओतल्या दिव्यांना तर सावल्या असतातच. मग त्यांनी काय केलं तर सेटच्या वर पांढरं कापड ताणून लावलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि तिथून परतून येणारा मऊ उजेड वापरला. एक पांढरं कापड, बस्स! हे कळल्यापासून मी घरात वाळत घातलेली पांढरी चादर वेगळ्याच नजरेने बघते. उन्हाच्या वेळी ती दोरीवर असली की समोरची भिंत, समोर बसलेलं माणूस, त्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सगळं हळुवार होतं. चादर काढून घडी केली की तो उजेडही जातो. ही दहा मिनिटं माझ्या दिवसातली फार आवडती दहा मिनिटं आहेत.

नॉर्वेच्या सरकारी टीव्हीने २००९ साली बर्गन ते ऑस्लो हा रेल्वेप्रवास अख्खा दाखवला, सात तासांहून जास्त, कथा नाही काही नाही, रूळ, बर्फ, बोगदे. दहा लाखांवर लोकांनी त्यातला काही ना काही भाग पाहिला! म्हणून लोकांना धीर नाही असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. पण आपण दीडपट वेगाने बघतो ना हल्ली, त्यात सगळ्यात आधी जातं ते हे पानांचं हलणं, कथा शाबूत राहते. कृपा करून एखादा तरी सिनेमा त्याच्या वेगाने बघा.

आणि आवाजाचं एक सांगायचं राहिलं. शूटिंगमध्ये रूम टोन म्हणून प्रकार असतो. सीन संपला की सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि अर्धा-एक मिनिट त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एडिटिंगमध्ये संवादांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते. हे कळल्यावर मी एकदा आजीच्या खोलीचा रूम टोन घेतला फोनवर. तिला म्हटलं, आजी, एक मिनिट अजिबात बोलू नकोस. ती बसली शहाण्यासारखी. रेकॉर्डिंगमध्ये पंखा आहे, लांबून कुणाचातरी टीव्ही आहे, खिडकीची कडी मधेच वाजते, आणि चाळिसाव्या सेकंदाला ती अगदी हळू विचारते, "झालं का गं?"

ते मी कापलेलं नाही.