खणाचा पत्ता

[दृश्य: टेबलावर उघडा पडलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. कॅमेरा वरून सावकाश खाली येतो.]

या डब्यात माझे वीस वर्षांचे इलेक्ट्रॉनिक्स साठले आहे. जुन्या रेडिओतून सोडवलेले, विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारे रेझिस्टर, प्रवाह कमीजास्त करणारे, पाय वाकलेले ट्रान्झिस्टर, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेला आणि कागदी पुडी फाटल्यावर सुटा झालेला माल, हे सारे एकमेकांत असे मिसळले आहे की हवा तो भाग यात शोधण्यापेक्षा नवा आणणे सोपे वाटते. आणि दर वेळी नवा आणल्यामुळेच डबा भरत गेला आहे.

स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यावर कोणी चिठ्ठ्या लावत नाही, कारण मोहरी आणि जिरे डोळ्यांना ओळखू येतात. इथे डोळ्यांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

[दृश्य: चिमट्यात धरलेला निळ्या रंगाचा रेझिस्टर, अगदी जवळून. चिमटा फिरतो आणि रेझिस्टर उलटा होतो.]

या रेझिस्टरवर पाच पट्टे आहेत आणि त्यांच्या रंगांवरून तो किती अडथळा करतो ते ओहम या एककात कळते. एका बाजूने वाचले तर तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी, म्हणजे १ किलोओहम आणि १ टक्का फरकाची मुभा. उलट्या बाजूने वाचले तर तपकिरी, तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे ११० ओहम. ११० ओहमचा रेझिस्टरही बाजारात मिळतोच, त्यामुळे ही चूक आपणहून उघडकीस येत नाही. शेवटचा पट्टा किंचित दूर असावा असा संकेत आहे खरा, पण एवढ्याशा अंगावर ते अंतर दिसत नाही आणि शेवटी निवाडा हा अडथळा मोजणारा मल्टीमीटरच करतो. बीसी ५४७ आणि बीसी ५५७ या ट्रान्झिस्टरांचेही तसेच आहे: एक एनपीएन, दुसरा पीएनपी, म्हणजे दोघांतून प्रवाह उलट दिशांनी वाहतो, आणि दोघांच्या काळ्या अंगावर पुसट छापलेल्या क्रमांकात फरक फक्त एका आकड्याचा. सर्किटच्या पाटीच्या पृष्ठभागावर बसवायचे, विद्युतभार साठवणारे सिरॅमिक कपॅसिटर तर याहून कठीण. ‘०६०३’ या मापाचा कपॅसिटर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि त्याच्यावर सहसा काहीच छापलेले नसते. ज्या पट्टीत तो विकला जातो तिच्यातून निसटून टेबलावर पडला की त्याचे नाव गेले.

म्हणून साठा लावताना मी सर्वांत आधी ओळख टिकवण्याकडे पाहतो. पुडीवरची चिठ्ठी आणि आतला माल यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. जुन्या सर्किटमधून काढलेला भाग मोजून, नाव लिहूनच आत ठेवायचा. आणि ओळख पटली नाही, तर तो भंगारात टाकायचा. हे जिवावर येते. तरीही अनोळखी भागामुळे बिघडलेल्या सर्किटचा दोष शोधण्यात एक अख्खा रविवार गेल्यावर मी ते मनापासून करू लागलो.

[दृश्य: भिंतीलगतचे छोट्या खणांचे कपाट. प्रत्येक खणावर एक अक्षर आणि दोन आकडे.]

बहुतेक जण जातवारीने सुरुवात करतात: हे कपाट रेझिस्टरचे, हे आयसींचे, म्हणजे एकाच चिपवरच्या सर्किटांचे, हे जोडण्यांच्या सामानाचे. वर्षभर ते ठीक चालते. मग एखादा सेन्सर येतो, तो आयसींत ठेवावा की मॉड्यूलमध्ये असा प्रश्न पडतो, आणि त्या दिवशी दिलेले उत्तर सहा महिन्यांनी आठवत नाही. तेव्हा मी खणांना वस्तूंची नावे देणे सोडले आणि पत्ते दिले. ‘ख-३-७’ म्हणजे दुसरे कपाट, वरून तिसरी ओळ, डावीकडून सातवा खण. पत्ता खणावर कायमचा आहे. आत काय आहे, ते वहीत आहे. एलएम ३१७ हा विद्युतदाब स्थिर ठेवणारा आयसी आज ख-३-७ मध्ये असेल आणि जागा कमी पडली तर उद्या घ-१-२ मध्ये जाईल. वहीतली एक ओळ बदलली की स्थलांतर पूर्ण होते.

रेझिस्टर मात्र मी या पत्त्यांतून वगळले आहेत, कारण त्यांचा क्रम आधीच ठरलेला आहे. ई-१२ या प्रमाणित मूल्यांच्या मालिकेत दर दशकाला, म्हणजे १० ते १०० अशा दहापटीच्या टप्प्याला, बाराच मूल्ये येतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२. प्रत्येक मूल्य आधीच्याहून साधारण २१ टक्क्यांनी मोठे असल्यामुळे, दोन्ही बाजूंना १० टक्के फरक धरला की मधली जागा जवळपास भरून निघते. १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंत ६१ पिशव्या होतात आणि त्या उभ्या लावल्या तर बुटांच्या एका खोक्यात मावतात.

नाव कसे लिहावे, हेही एकदाच ठरवून टाकावे लागते. कपॅसिटरची क्षमता फॅरडमध्ये मोजतात; ०.१ मायक्रोफॅरड, १०० नॅनोफॅरड आणि अंगावर छापलेला १०४ हा आकडा ही एकाच कपॅसिटरची तीन नावे आहेत. १०४ म्हणजे १० पुढे चार शून्ये, आणि तेवढे पिकोफॅरड. माझ्या जुन्या वहीत हा कपॅसिटर तीन ओळींवर तीन नावांनी नांदत होता, आणि त्यातल्या एका ओळीवर शिल्लक शून्य दिसली म्हणून मी ५० नगांची पुडी पुन्हा विकत आणली. आता सिरॅमिक कपॅसिटर फक्त नॅनोफॅरडमध्ये लिहिले जातात.

[दृश्य: रात्रीची वेळ. दिव्याखाली चालू असलेले सोल्डरिंग. एक हात न पाहता खणाकडे जातो.]

आवक लिहिणे अवघड नसते. माल समोर असतो, बिल हातात असते आणि उत्साहही असतो. वही खोटी ठरते ती जावकीमुळे. रात्री अकरा वाजता, एका हातात तापलेले सोल्डरिंग आयर्न असताना, दुसऱ्या हाताने काढलेल्या रेझिस्टरची नोंद कोणी करत नाही आणि करावी अशी अपेक्षाही ठेवू नये. म्हणून काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही, हे मी भागाची किंमत आणि तो पुन्हा मिळायला लागणारा वेळ पाहून ठरवले. स्वस्त भागांच्या दोन पुड्या ठेवतो. पहिली संपून दुसरी फोडली, की दुसरीवरची चिठ्ठी खरेदीच्या खिळ्याला लावतो. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिप, आणि सेन्सर मात्र नगाने मोजतो. त्यांच्या प्रत्येक खणात एक जाड कागद असतो, त्यावर जितके नग तितक्या रेघा असतात, आणि नग उचलताना एक रेघ खोडायची असते. पेन्सिल कपाटालाच दोरीने बांधलेली आहे.

मोठ्या साठ्यासाठी इन्व्हेनट्री आणि पार्ट-डीबी यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. ती स्वतःच्या संगणकावर चालवता येतात आणि एखाद्या प्रकल्पाची यादी दिली तर काय कमी पडते ते सांगतात. पण त्यांच्यातही जावक कोणीतरी लिहावीच लागते.

[दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. काचेच्या बरणीत सिलिका जेलचे मणी.]

आपल्याकडे साठ्याला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे पावसाळा. दमट हवेत भागांचे उघडे राहिलेले पाय काळवंडतात आणि त्यांच्यावर सोल्डर नीट पसरत नाही. मी पिशव्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवतो. निळे मणी गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करता येतात. आयसी साध्या थर्मोकोलमध्ये खोचण्याची सवय तर आजच सोडावी, कारण त्यावर साठणाऱ्या स्थिर विजेने नाजूक आयसी कायमचा निकामी होऊ शकतो. त्यांच्यासाठी वीजवाहक काळा फोम मिळतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर खरेदीचे वर्ष लिहितो. फार वर्षे पडून राहिले तर त्यांच्यातला ऑक्साइडचा थर क्षीण होतो, आणि एकदम पूर्ण विद्युतदाब देण्याऐवजी मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू दाब वाढवत त्यांना पुन्हा तयार करावे लागते.

[दृश्य: जमिनीवर जुन्या चादरीवर मांडलेले सगळे खण. शेजारी हळद-कुंकू लावलेला मल्टीमीटर.]

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारे पुसून त्यांची पूजा होते, आणि त्याच दिवशी मी वर्षाची मोजणी करतो. पाऊस ओसरलेला असतो आणि खण बाहेर काढून वाळवायचे असतातच. या वर्षी ग-२-४ या खणातल्या कागदावर १४ रेघा शिल्लक होत्या आणि आत नग निघाले ११. तीन नग कुठे गेले, ते आठवायचा मी दुपारभर प्रयत्न केला. दोन एका अर्धवट सर्किटवर सापडले. तिसरा अजून सापडलेला नाही. कागदावर लाल शाईने ११ लिहून, खाली तारीख घालून, खण पुन्हा त्याच्या जागी सरकवला आहे.