धरणाच्या काठी घोड्यांचा मुक्काम

(दृश्य : गवताळ टेकड्या. मधून जाणारा डांबरी रस्ता. पिकअपमागे घोड्यांचा लांब ट्रेलर.)

अमेरिकेच्या अगदी मध्यावर असलेलं कॅन्सस राज्य. शुक्रवारची दुपार. सलायना शहराच्या नैर्ऋत्येला जाणाऱ्या या रस्त्यावर असे ट्रेलर एकामागून एक दिसू लागतात. पुढच्या भागात माणसांच्या झोपण्याची सोय असते. मागच्या भागात तिरके खण, आणि प्रत्येक खणात एक घोडा. सगळे निघालेत कनोपोलिस तलावाकडे. तिथल्या स्टेट पार्कमध्ये घोडेवाल्यांसाठी एक वेगळा तळ राखलेला आहे. त्याचं नाव रॉकिन के.

घोडा घेऊन मुक्कामाला तलावावरच का जायचं, असं कुणालाही वाटेल. कॅन्सस म्हणजे तर नजर पोचेल तिथवर माळरान. पण या माळरानाच्या दोन्ही बाजूंना नीट पाहा.

(दृश्य : रस्त्याकडेचं काटेरी तारेचं कुंपण. त्यातले दगडी खांब.)

हे खांब लाकडाचे नाहीत. या भागात झाडं इतकी कमी होती की शेतकऱ्यांनी जमिनीखालचा चुनखडक फोडून त्याचे खांब केले. एकेक खांब दीड-दोनशे किलोचा. 1874 साली जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत हा मोकळा मुलूख तारांनी बांधला गेला. त्याच्या जरासंच आधी, 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला, टेक्सासहून हजारो गुरांचे कळप हाकत घोडेस्वार जवळच्या एल्सवर्थ गावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत येत होते. वाटेत त्यांना अडवायला कुंपण नव्हतं. आज या राज्यातली जवळपास सगळी जमीन खाजगी आहे. ज्याचं स्वतःचं मोठं रान नाही, त्याने घोडा दौडवायचा कुठे?

याचं उत्तर दिलं ते पुराने.

स्मोकी हिल नदी कोलोरॅडोच्या पूर्व भागात उगम पावते आणि कॅन्ससमधून पूर्वेकडे वाहत जाते. तिचे पूर अडवण्यासाठी लष्कराच्या अभियंता दलाने 1940 मध्ये इथे धरण बांधायला घेतलं. दुसऱ्या महायुद्धात काम थांबलं, आणि 1948 मध्ये ते पूर्ण झालं. धरणासाठी सरकारने काठची जमीन घेतली, आणि पाण्याच्या कडेने मोठा पट्टा सार्वजनिक झाला. त्यावरच पुढे कनोपोलिस स्टेट पार्क उभं राहिलं. कॅन्सस राज्यातलं हे पहिलं स्टेट पार्क. पूर अडवायला बांधलेल्या धरणाने घोड्यांना पुन्हा मोकळी वाट मिळवून दिली, आणि या तलावाची हीच गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.

(दृश्य : तळावर ट्रेलर लागतात. घोडे मागे सरत खाली उतरतात.)

उतरल्यावर पहिलं काम पाण्याचं. मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. समोर सुमारे साडेतीन हजार एकरांचा तलाव पसरलेला आहे, तरी जाणती माणसं घोड्याला आधी नळावरच नेतात. कडक उन्हात कॅन्ससच्या तलावांमध्ये निळसर-हिरवं शेवाळ माजतं. त्यातल्या काही प्रकारांचं विष जनावराचा जीव घेऊ शकतं. राज्याचं आरोग्य खातं अशा तलावांबाबत उन्हाळाभर इशारे देतं, आणि निघण्यापूर्वी ते पाहून घेणं हा इथल्या तयारीचा भाग आहे.

दुसरी अडचण घोड्याच्या जिभेची. पाण्याची चव अनोळखी लागली तर तो तोंड फिरवतो आणि तहानलेलाच राहतो. पाणी कमी पडलं की आतड्यात चारा अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं, नाहीतर जिवावर बेततं. म्हणून कित्येक जण घरचं पाणी पिंपात भरून आणतात आणि पहिल्या दिवशी त्यात थोडं थोडं इथलं पाणी मिसळत जातात.

चाऱ्याचंही तसंच. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो सुकं गवत लागतं, तेही एकदम नव्हे, दिवसभर चघळत. लसूणघास पौष्टिक खरा, पण कॅन्ससमध्ये त्याची पेंढी डोळे उघडे ठेवून घ्यावी लागते. लसूणघास फुलावर आला की ब्लिस्टर बीटल नावाचे भुंगेरे त्यावर थव्याने उतरतात. कापणीयंत्रात ते चिरडतात आणि पेंढीत तसेच राहतात. मेलेल्या, वाळलेल्या भुंगेऱ्यातलं कँथॅरिडिन हे विषही घोड्याला मारू शकतं. चांगला शेतकरी फुलं येण्याआधीच कापणी करतो. असा शेतकरी माहीत असणं ही इथल्या घोडेवाल्यांची मोठी ठेव आहे.

(दृश्य : एक बाई कागदांची फाइल दाखवते. घोडा तिच्या खांद्याला नाक लावतो.)

या फाइलमध्ये कॉगिन्स चाचणीचा दाखला आहे. घोड्यांना एक विषाणूजन्य रक्तक्षयाचा रोग होतो, त्याची लागण आहे की नाही हे ही चाचणी सांगते. तो गोमाशांसारख्या रक्त पिणाऱ्या माशांमधून पसरतो आणि त्यावर इलाज नाही. लागण झालेला घोडा एकतर मारावा लागतो, नाहीतर इतर घोड्यांपासून किमान 200 यार्डांवर आयुष्यभर एकटा ठेवावा लागतो. कळपात राहणाऱ्या प्राण्यासाठी ही जन्मठेपच. अनोळखी घोडे जिथे शेजारी शेजारी बांधले जातात, तिथे हा दाखला किती महत्त्वाचा आहे हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या राज्यातून घोडा आणायचा तर हा दाखला जवळ असावाच लागतो.

(दृश्य : संध्याकाळ. दोन झाडांमध्ये ताणलेला दोर.)

घोडे ठेवायला काही ठिकाणी लोखंडी कठड्यांचे वाडे असतात. नसले तर दोन भक्कम झाडांमध्ये माणसाच्या डोक्याच्याही वर दोर ताणायचा आणि त्याला घोड्याचं दावं बांधायचं. दोराने साल सोलली जाऊ नये म्हणून बुंध्याला आधी रुंद पट्टा गुंडाळतात. दाव्याची लांबी ठरवणं हे खरं कसब. घोड्याला मान खाली नेऊन गवत खाता आलं पाहिजे, पण पाय दाव्यात अडकता कामा नये.

मग रात्र होते. घोडा उभ्याउभ्या डुलक्या घेतो. त्याच्या पायांची रचनाच तशी आहे, सांधे अडकवून तो स्नायूंवर फारसा ताण न घेता उभा राहू शकतो. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि परक्या जागी तो सहसा आडवा होत नाही. तो भक्ष्य म्हणून जगत आलेला प्राणी आहे. लाटेचा आवाज, कोयोट्यांची कोल्हेकुई, फडफडणारी ताडपत्री, सगळं त्याला आधी ऐकून घ्यायचं असतं. सोबतीचा घोडा शेजारी असला तर फरक पडतो. एक जण उभा राहतो, दुसरा टेकतो. अनुभवी मंडळी एकटा घोडा आणत नाहीत, त्यामागे हे आहे.

(दृश्य : सकाळ. लालसर खडकांमधून जाणारी घोड्यांची रांग.)

पार्कातल्या वाटा पंचवीस मैलांहून जास्त लांब आहेत. त्यांवर चालणारेही असतात आणि सायकलवालेही. ओढा ओलांडून वाट हॉर्सथीफ कॅन्यनमध्ये शिरते. घोडेचोर इथे लपत, अशी दंतकथा आहे. दोन्ही बाजूंना डकोटा वालुकाश्माचे कडे आहेत, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे. हा खडक इतका मऊ की नखाने खरवडावा. याच प्रदेशात मूळ रहिवाशांनी अशा खडकांवर चित्रं कोरली. त्यातली बरीच वारा-पावसाने झिजली, आणि नंतर आलेल्यांनी स्वतःची नावं कोरून काही बिघडवली, याचं फार वाईट वाटतं.

मऊ जमिनीला टापांचाही त्रास होतो. अर्ध्या टनाचं जनावर चिखलातून गेलं की खोल खड्डे पडतात, पुढच्या पावसात त्यांची घळ होते. म्हणून ओल्या वाटेवर घोडा घालायचा नाही, हा नियम इथे कसोशीने पाळायला हवा. दोन दिवसांची रपेट बुडाली तरी चालेल.

(दृश्य : रविवार. फावडी, ढकलगाड्या.)

निघण्याआधी वाडा झाडून निघतो. एक घोडा दिवसाला वीस किलोंहून जास्त लीद टाकतो. ती ठरलेल्या जागी न्यायची, सांडलेलं गवत गोळा करायचं, दोर सोडायचे, टापांनी उकरलेली माती सारखी करायची. वाटांची देखभाल करणाऱ्यांत घोडेवाले स्वयंसेवकही असतात. 1973 मध्ये माँटाना राज्यात सुरू झालेली बॅक कंट्री हॉर्समेन ही संघटना देशभर हेच काम करते. कॅन्ससच्या माळावर लाल सेडरची झाडं झपाट्याने पसरताहेत, कारण पूर्वी त्यांना आवरणारे वणवे आता फारसे लागू दिले जात नाहीत. त्यांच्या फांद्या वाटेवर झुकतात आणि स्वाराच्या तोंडावर येतात. म्हणून काही ट्रेलरांमध्ये खोगिराशेजारी एक करवतही टांगलेली असते.