दिवसा मुलांची, संध्याकाळी गावाची : केंब्रिजशायरमधील व्हिलेज कॉलेज

(दृश्य : इम्पिंग्टन, वर्गांची रांग, बाहेरील हिरवळीवरून)

पडद्यावर दिसणारी ही लांब, बैठी इमारत केंब्रिज शहराच्या उत्तरेला, अगदी जवळच असलेल्या इम्पिंग्टन गावची माध्यमिक शाळा, म्हणजेच तेथील व्हिलेज कॉलेज आहे. एका ओळीत मांडलेले वर्ग, पुरुषभर उंचीच्या काचा, हवा चांगली असेल तेव्हा बाजूला सारता येणारी दारे आणि दाराबाहेर पाऊल टाकताच सुरू होणारी हिरवळ. १९३९ साली ही शाळा उघडली. बाउहाउस या जर्मन कलाशाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून इंग्लंडमध्ये आले असताना त्यांनी मॅक्सवेल फ्राय यांच्यासह तिचा आराखडा केला. पुढे चंडीगडच्या उभारणीत ज्यांचा सहभाग होता, ते हेच फ्राय. एका खेड्यातील शाळेसाठी जगातील अग्रगण्य वास्तुकाराला बोलवावे, असा आग्रह धरणारी व्यक्ती मात्र वास्तुकलेच्या क्षेत्रातील नव्हती. ते होते केंब्रिजशायर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाचे, शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस.

(दृश्य : शेते, जुनी एकखोली शाळा, चर्च)

मॉरिस यांनी १९२२ मध्ये पदभार घेतला, तेव्हा केंब्रिजशायर ही इंग्लंडमधील गरीब काउंट्यांपैकी एक होती. शेतमालाचे भाव कोसळलेले होते आणि तरुण मंडळी शहराची वाट धरत होती. १९०२ च्या कायद्याने काउंटी परिषदांना माध्यमिक शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला होता; तरीही ग्रामर स्कूल, म्हणजे निवडक मुलांना पुस्तकी शिक्षण देणाऱ्या माध्यमिक शाळा, शहरातच राहिल्या, आणि तेथे जायचे तर फी भरण्याची ऐपत हवी किंवा मोजक्या शिष्यवृत्त्यांपैकी एक पदरात पडायला हवी. १९१८ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे केले. पण खेड्यातील बहुतेक मुले पाचव्या वर्षी ज्या शाळेत बसत, तिथूनच चौदाव्या वर्षी शेतावर किंवा घरकामाला जात. स्वतः मॉरिस यांनीही चौदाव्या वर्षी शाळा सोडून वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी धरली होती आणि पुढचे शिक्षण संध्याकाळच्या वर्गांतून सुरू केले होते. त्यांच्या योजनेत संध्याकाळला इतके महत्त्व का आहे, याचे उत्तर आम्हाला इथेच सापडते.

१९२४ मध्ये त्यांनी परिषदेपुढे एक टिपण ठेवले. आसपासच्या गावांचा गट करावा आणि त्यांतील मध्यवर्ती मोठ्या गावात एकच वास्तू उभारावी. तेथे अकरा वर्षांवरील मुलांची शाळा असावी, आणि त्याच आवारात वाचनालय, सभागृह, कार्यशाळा, प्रौढांचे वर्ग, बाल-आरोग्याची सोय व क्रीडांगणही असावे. प्रमुखाला मुख्याध्यापक न म्हणता वॉर्डन म्हणावे, कारण दिवसाच्या शाळेइतकीच संध्याकाळच्या गावाचीही जबाबदारी त्याच्यावर राहणार होती. शाळा सोडण्याचे वय ही मर्यादाच पुसून टाकणे, हा या टिपणाचा गाभा होता. माध्यमिक शिक्षणाविषयी त्या काळात झालेल्या साऱ्या विचारात इतका धाडसी आणि तरीही इतका व्यवहार्य विचार दुसरा झाला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : सॉस्टन, चौक आणि कारंजे)

त्यातून उभे राहिलेले हे पहिले व्हिलेज कॉलेज, सॉस्टनचे. १९३० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. परिषदेकडे पैसा तुटपुंजा असल्याने मॉरिस यांना न्यासांची व दानशूरांची दारे सतत ठोठवावी लागली. १९३७ मध्ये बॉटिशॅम आणि लिंटन येथील कॉलेजे सुरू झाली.

(दृश्य : इम्पिंग्टन, सभागृह, प्रौढांचा कक्ष)

इम्पिंग्टनची जमीन शेजारच्या हिस्टनमधील मुरंबे-जॅम बनवणाऱ्या चिव्हर्स कुटुंबाने दिली. ग्रोपियस यांच्या मानधनासाठी फर्निचर-उद्योजक जॅक प्रिचर्ड यांच्या पुढाकाराने खासगी वर्गणी गोळा करण्यात आली. १९३७ मध्ये ग्रोपियस अमेरिकेला गेले आणि पुढची देखरेख फ्राय यांच्याकडे आली. पंख्याच्या आकाराचे हे सभागृह, वर्ग आणि प्रौढांचा कक्ष यांना जोडणारा हा रुंद मार्ग आणि हलक्या वळणाने पुढे गेलेला हा प्रौढांचा कक्ष पाहा. दिवसा मुले ज्या वाटेने वर्गात जातात, त्याच वाटेने संध्याकाळी मोठी माणसे यावीत, अशी ही रचना आहे. या आवारात एका कुटुंबाचे शिल्प असावे म्हणून शिल्पकार हेन्री मूर यांना विचारणा झाली होती. पैशाअभावी ते येथे झाले नाही. तीच कल्पना पुढे स्टीव्हनेज येथील बार्कले स्कूलच्या आवारात ब्राँझमध्ये साकारली.

(दृश्य : शाळा सुटण्याची वेळ, बसची रांग)

१९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी मोफत झाले, परंतु अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांची विभागणी केली आणि व्हिलेज कॉलेजांच्या वाट्याला ‘सेकंडरी मॉडर्न’, म्हणजे त्या परीक्षेत ग्रामर स्कूलसाठी न निवडलेल्या मुलांच्या शाळांचा दर्जा आला. १९६५ च्या सरकारी परिपत्रकानंतर सर्वांना सामावून घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांचे धोरण देशभर पसरले आणि ही कॉलेजेही त्या व्यवस्थेत गेली. २०१० नंतर त्यांपैकी बरीच काउंटीच्या हातून निघून अकॅडमी, म्हणजे थेट केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या शाळा झाली. केंब्रिजच्या पश्चिमेला नव्याने वसवलेल्या केंबोर्नमध्ये २०१३ साली माध्यमिक शाळा सुरू झाली, तेव्हा तिचे नाव ठेवण्यात आले केंबोर्न व्हिलेज कॉलेज.