प्रवाहाच्या हवाली केलेली पिल्ले

श्रोतेहो, नमस्कार. झाडाच्या लांबट पानाचा आकार, चपटे अंग आणि ते इतके पारदर्शक, की पाण्यात ठेवल्यावर डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसावेत, असा हा जीव म्हणजे ईलचे, अर्थात वाम माशाचे पिल्लू आहे, हे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. त्याला निराळा मासा समजून ‘लेप्टोसेफॅलस’ असे स्वतंत्र नाव दिले गेले होते.

डेन्मार्कचे जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांना १९०४ साली फेरो बेटांच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात, असे एक पिल्लू मिळाले. त्यानंतर त्यांनी जवळजवळ दोन दशके एकच काम चिकाटीने केले: जाळे ओढायचे, सापडलेली पिल्ले पट्टीने मोजायची आणि जिकडे ती आणखी लहान मिळतील तिकडे सरकायचे. पिल्लू जितके लहान, तितकी त्याच्या जन्माची जागा जवळ, हा त्यामागचा हिशेब. युरोपपासून नैर्ऋत्येकडे जाता जाता लांबी घटत गेली आणि अटलांटिकमधल्याच सार्गासो समुद्रात एक सेंटिमीटरच्याही खाली आली; म्हणजे ईलची अंडी घालण्याची जागा तिथेच असणार. या कामाचे मला फार अप्रूप वाटते, कारण पिल्लांना हजारो किलोमीटर वाहून आणणाऱ्या गल्फ स्ट्रीम आणि उत्तर अटलांटिक प्रवाहाची वाट श्मिट यांनी त्यांच्याच लांबीवरून उलटी शोधून काढली.

प्रशांत महासागरात ही वाट अधिक नाजूक आहे. जपानी ईल मारियाना बेटांच्या पश्चिमेला अंडी घालते. मे २००९ मध्ये, अमावास्येच्या सुमारास, संशोधकांच्या जाळ्यात जेमतेम दीड मिलिमीटर व्यासाची ३१ अंडी आली आणि ही जागा पक्की झाली. तेथून उत्तर विषुववृत्तीय प्रवाह पिल्लांना पश्चिमेकडे नेतो. पण फिलिपिन्सजवळ तो दुभंगतो. उत्तरेच्या फाट्याला, म्हणजे कुरोशियो प्रवाहाला लागलेली पिल्ले तैवान, चीन, कोरिया आणि जपानच्या दिशेने जातात; दक्षिणेच्या मिंडानाओ प्रवाहात सापडलेली मात्र बहुतेक कायमची दुरावतात. पूर्ण वाढ झालेल्या ईल कमी आणि अधिक खारट पाण्याच्या सीमेलगत, तिच्या दक्षिणेला अंडी घालतात आणि एल निनोच्या वर्षी ही सीमाच दक्षिणेकडे सरकते. त्यामुळे अधिक पिल्ले चुकीच्या फाट्याला लागतात.

इवलीशी असली तरी ही पिल्ले ओंडक्यासारखी निव्वळ वाहत नाहीत. दिवसा ती खोल पाण्यात उतरतात, रात्री वर येतात, आणि प्रत्येक खोलीवर प्रवाहाचा वेग वेगळा असल्यामुळे या चढउतारावरही त्यांची वाट ठरते. किनारा जवळ आला की पानासारखे अंग आक्रसून काचेच्या दोऱ्यासारखे गोल होते. आता मोठा प्रवाह मागे राहिलेला असतो. भरती आली की पिल्लू तळापासून उठून तिच्याबरोबर नदीच्या मुखात शिरते आणि ओहोटी लागली की पुढच्या भरतीपर्यंत तळाशी दबून राहते.