गणिताच्या तासाची खबर घरापर्यंत

(बीड जिल्ह्यातील एका तालुका वाचनालयात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, शिक्षक बंधू-भगिनींनो आणि शेतातली कामे बाजूला ठेवून आलेल्या माता-पित्यांनो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘माध्यमिक शाळेतील गणित आणि पालकांचा सहभाग’ असा छापलेला आहे. ज्या पालकाला वर्गात काय चालले आहे हेच कोणी सांगितलेले नाही, त्याच्याकडून सहभागाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, म्हणून मी त्याच्या आधीच्या पायरीवर बोलणार आहे. नववी-दहावीच्या गणिताच्या तासाला या महिन्यात काय शिकवले जात आहे, पुढे त्याचा उपयोग काय आणि आपले लेकरू नेमके कुठे अडले आहे, ही माहिती वेळेवर आणि समजेल अशा बोलीत घरी पोहोचवणे हा शिकवण्याच्या कामाचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. ती पोहोचवायची कशी, हे शेवटी सांगेन.

आधी पालकसभेबद्दल बोलू द्या, कारण ही गोष्ट बरीच वर्षे मनात साचलेली आहे. एका माध्यमिक शाळेतील सभेला मी हजर होतो. शाळेचे नाव घेत नाही. सकाळी दहाची वेळ दिलेली होती आणि पालक साडेनऊपासूनच येऊन बसले होते. त्यांतल्या कितीतरी जणींचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. प्रतिमापूजन झाले, पाहुण्यांचे स्वागत झाले, शाल-श्रीफळ झाले, प्रास्ताविक झाले, दोन मनोगते झाली, मागच्या वर्षीच्या निकालाची टक्केवारी वाचून दाखवण्यात आली, आणि बारा वाजून गेल्यावर पालकांना विषयशिक्षकांकडे पाठवण्यात आले. गणिताच्या शिक्षकांपुढची रांग सर्वांत लांब होती, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. मुलाचे प्रगतिपत्रक त्यांनी पिशवीत कापडात गुंडाळून आणले होते. शिक्षकांनी पत्रकावर नजर टाकली आणि ते म्हणाले, “गणितात कमी आहे, लक्ष द्या.” बाई जागच्या हलल्या नाहीत. “सर, लक्ष देते की, पर कशावर देऊ? वही बघितली तर मला त्यातलं काही कळत नाही. लेकरू म्हणतंय समदं येतं, तुम्ही म्हणता येत नाही. कोणतं येत नाही, तेवढं तरी सांगा.” शिक्षकांनी मागच्या रांगेकडे पाहिले, “सगळंच,” असे म्हणाले आणि सहीसाठी पत्रक पुढे सरकवले. बाईंनी अंगठा उमटवला आणि त्या बाजूला झाल्या.

त्यांचा प्रश्न इतका नेमका होता की मी त्या मुलाची उत्तरपत्रिका मागून घेतली. मुलगा दहावीत होता आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे हे प्रकरण नुकतेच झालेले होते. उदाहरण वाचून समीकरणे मांडणे त्याला येत होते, आणि तोच त्यातला अवघड भाग आहे. एका समीकरणातून दुसरे वजा करताना मात्र तो खालच्या ओळीतील पहिल्याच पदाचे चिन्ह बदलत होता, उरलेली दोन तशीच ठेवत होता आणि तिथून पुढची प्रत्येक ओळ चुकत होती. प्रत्येक उदाहरणात चूक हीच आणि एवढीच होती. मी बाईंना परत बोलावले, वहीतली वजाबाकी दाखवली आणि सांगितले की, अशी आडवी रेघ दिसली की तिच्या वर, प्रत्येक पदाखाली एक याप्रमाणे तीन बारीक चिन्हे असली पाहिजेत. दोन किंवा एकच दिसले तर त्याला थांबवा. बाईंनी बोट ठेवून तिथल्या तिथे तीन उदाहरणे तपासली. अक्षरओळख नसलेली आई दहावीच्या बीजगणिताची वही तपासत होती आणि बरोबर तपासत होती. पालक अडाणी आहेत, त्यांना सांगून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. उपयोग होत नाही तो ‘लक्ष द्या’ या सल्ल्याचा, कारण त्यात माहिती काहीच नसते.

इथे बसलेल्या शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात साठ-साठ मुले असतात आणि निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे अंगावर येतात. तरीही उत्तरपत्रिका तपासताना ती चूक शिक्षकाच्या डोळ्यांपुढून गेलेलीच असते. समासात एक ओळ लिहिली तर ती घरी जाते. लातूर पॅटर्नचे, म्हणजे तिथल्या कसून सराव करून घेण्याच्या पद्धतीचे, कौतुक करताना आपण सराव परीक्षांची संख्या सांगतो, पण माझ्या मते त्याचे बळ परीक्षा झाल्यावर मुलाला त्याची चूक दाखवण्यात आहे. मुलाला दाखवतो ती चूक घरालाही का दाखवू नये?

कायद्याचाही थोडा विचार करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २१ प्रमाणे शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. परंतु या कायद्याची हद्द आठवीला संपते. नववीत संच, वास्तव संख्या, बहुपदी अशी घरातल्या कोणी कधी न ऐकलेली प्रकरणे सुरू होतात आणि नेमक्या त्याच वर्षी पालकाच्या हातातला हा आधार सुटतो. आठवीपर्यंत जे बंधन होते, ते नववी-दहावीत शाळांनी स्वतःहून पाळावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि गळीत हंगाम आटोपून परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. म्हणजे दुसरे सत्र, सराव परीक्षा आणि प्रत्यक्ष परीक्षा या सगळ्या काळात आई-वडील उसाच्या फडात असतात आणि लेकरू आजीजवळ असते. जानेवारीतल्या पालकसभेला येणार कोण? आपण सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर पीडीएफ करून टाकतो, आणि तो मोबाइल चाकणला कामाला असलेल्या मोठ्या भावाच्या खिशात असतो. मग सुट्टीत हातात पडणारे प्रगतिपत्रक सोयाबीन काढून झाल्यावर आलेल्या पावसासारखे असते. त्याने पिकाचे भले होत नाही.

फडावरच्या एका वडिलांचा मला रात्री फोन आला होता. दिवसभर तोडणी आणि नंतर गाडी भरणे, यातून फुरसत मिळाली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी मुलीच्या गुणांविषयी विचारले नाही. “सर, पोरीचं गणित कुठवर आलं?” असे विचारले. मी सांगितले की अर्थनियोजनाचे प्रकरण सुरू आहे, त्यात जीएसटी आणि शेअर असतात. ते म्हणाले, “जीएसटी म्हणजे खताच्या पावतीवर असतंय ते का?” अगदी तेच. घरी पत्र्याच्या पेटीत पावती आहे, ती मुलीला बघायला सांगा, असे मी म्हटले. दुसऱ्या दिवशी ती पावती घेऊन वर्गात आली: केंद्राचा अडीच टक्के, राज्याचा अडीच टक्के, खतावर एकूण पाच. वर्गाने त्या पावतीवरून करपात्र किंमत काढली आणि रात्री तिने वडिलांना फोनवर सांगितले की एका गोणीमागे आपण कर किती भरला. त्या घरात गणितावर झालेले ते पहिलेच बोलणे असावे, आणि ते होण्यासाठी शाळेने प्रकरणाचे नाव तेवढे सांगितले होते.

संयोजकांची चिठ्ठी आलेली आहे, त्यामुळे ज्यासाठी मला बोलावले ते आता घाईने सांगतो.

शाळेने दर महिन्याला गणिताचे एक अर्ध्या पानाचे पत्रक काढावे. या महिन्यातले प्रकरण कोणते, ते रोजच्या व्यवहारात कुठे दिसते, बहुतेक मुले कुठे चुकतात आणि घरी कोणता एक प्रश्न विचारावा, एवढेच त्यात असावे. हाच मजकूर शिक्षकाने मिनिटभर बोलून ध्वनिमुद्रित करावा. ज्यांना वाचता येत नाही ते ऐकतील, फडावर रेंज मिळेल तेव्हा ऐकतील, आजी शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर ऐकेल. भाषा घरातली असावी. शाळेने टोळी निघण्यापूर्वीच प्रत्येक घराचा चालू असलेला मोबाइल क्रमांक, आणि तो नसेल तर मुकादमाचा क्रमांक, लिहून घ्यावा. एखाद्या मुलाची घसरण कळवायची असेल, तर मात्र मुकादमामार्फत कळवू नये. ते त्या घराचे खासगी आहे.

पालकांना न सांगितल्या जाणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत. दहावीचे गणित शंभर गुणांचे असते: बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि शाळेकडचे अंतर्गत मूल्यमापनाचे २०. हे वीस गुण वर्षभराच्या कामातून मिळतात, म्हणून त्यांची कल्पना जूनमध्येच द्यायला हवी. गणितात नापास म्हणजे वर्ष गेले, असे समजून मुलीचे शिक्षण थांबवणारी घरे मी पाहिली आहेत. पुरवणी परीक्षा असते आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत प्रवेश मिळतो, हे निकालाच्या दिवशीच त्या घरी पोहोचले पाहिजे.

आणि अकरावीचा ग्रुप, म्हणजे विषयांची निवड. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी गणित लागत नाही म्हणून आपल्याकडे, विशेषतः मुलींचे, गणित सोडून दिले जाते. सोडायला माझी हरकत नाही, परंतु त्यामुळे अभियांत्रिकी, वैमानिकाचे प्रशिक्षण, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) नौदल आणि हवाई दल हे रस्ते बंद होतात, हे अर्ज भरण्याआधी आई-वडिलांना सांगा. सीएच्या फाउंडेशन परीक्षेतही गणिताचा पेपर असतो, हे वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यांना सांगा. निर्णय घराने घ्यावा, पण माहिती असताना घ्यावा.

पहिले पत्रक टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, घरोघरी गेले पाहिजे. मी नववी आणि दहावीच्या पहिल्या प्रकरणांची पत्रके लिहून आणली आहेत, ती दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. मुख्याध्यापकांनी एकेक प्रत न्यावी, आपल्या गावच्या बोलीप्रमाणे बदलून घ्यावी आणि शेजारच्या वहीत शाळेचे नाव लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या प्रकरणांची पत्रके त्या त्या शाळेला पाठवता येतील.